ओल्या गोणपाटाचं वाक्य

शाळेत पहिला नंबर काढणाऱ्या मुलींच्या दोन जाती असतात. एक, डाव्या हाताचा आडोसा करून लिहिणारी. दुसरी, न मागता वही पुढे करणारी. मी दुसऱ्या जातीची. अमरावतीला परीक्षेच्या आधी माझ्या वह्या चार घरं फिरून यायच्या. कधी पानावर वरणाचा डाग असायचा, कधी मधली दोन पानंच गायब. मी चिडले की आई म्हणायची, "काहून चिडतं वं? विद्या दिल्यानं वाढते. कोनी मागतली तं नाही म्हनू नये." मी 'नाही' असं कधीच म्हटलं नाही. त्यात मला मोठेपणा वाटायचा, हेही सांगून टाकते. देणाऱ्याचा हात वर असतो आणि मला वरचा हात आवडायचा.

२०२० साली आम्हाला आयर्लंडमध्ये येऊन तीन वर्षं झाली होती. नवरा लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर, मी घरात. मी मायक्रोबायॉलॉजीची पदवीधर. अमरावतीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सहा वर्षं रक्त-लघवी तपासण्यात घालवलेली. पण माझ्या पदवीवर इथे लॅबमध्ये काम करता येणार नाही असं पत्र आलं, तेव्हा मी आधी रडले आणि मग आठवडाभर घरात तणतणत फिरले. शेवटी सप्टेंबरात अर्ध्या तासावरच्या एका गावातल्या कॉलेजात नाव घातलं. कॉलेज म्हणजे युनिव्हर्सिटी नव्हे. शाळा अर्धवट सुटलेले, नोकरी गेलेले, मुलं मोठी झाल्यावर घरात करमेनासं झालेल्या बायका, असे सगळे तिथे वर्षभराचा कोर्स करायचे. पस्तिसाव्या वर्षी मी पुन्हा पेशीची आकृती काढायला बसले.

पण त्या कॉलेजात एक दार होतं. पहिल्या सत्रात सगळ्या विषयांत डिस्टिंक्शन मिळवणाऱ्यांची ते वेगळी तुकडी काढत. तिला ऑनर्स ग्रुप म्हणत. युनिव्हर्सिटीतल्या एक प्राध्यापिका दर बुधवारी स्क्रीनवरून त्यांना शिकवायच्या, आणि वर्षअखेर त्यातल्या दोघांना लॅब सायन्सच्या पदवीला राखून ठेवलेली जागा मिळायची. माझ्याकडे इथल्या शाळेचे गुण नव्हते, त्यामुळे हे एक सोडून बाकी दारं बंदच होती. मला ती जागा हवी होती. सकाळी डोळे उघडले की आधी ती जागा आठवायची, मग चहा.

वर्ग सगळे घरातूनच भरायचे. फक्त गुरुवारी प्रॅक्टिकलला जावं लागे. मला गाडी चालवता येत नव्हती, आणि कोविडमुळे लायसनच्या परीक्षा रखडल्या होत्या. वर्गातली एक बाई माझ्या वाटेवरच राहायची. पन्नाशीची, एका हॉटेलच्या रिसेप्शनवर वीस वर्षं काम केलेली. कोविडमध्ये हॉटेल बंद पडलं म्हणून ती शिकायला आली होती. शाळा तिने पंधराव्या वर्षीच सोडली होती. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "गुरुवारी येशील का माझ्याबरोबर, पेट?" इकडे मायेने असंच म्हणतात. त्यानंतर दर गुरुवारी साडेआठला पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावर तिची गाडी उभी असायची. मी मागच्या सीटवर, दोघींच्या तोंडावर मास्क, चारी काचा खाली. डिसेंबरात मी जॅकेटवर शाल गुंडाळून बसायचे आणि वाऱ्यात ओरडून तिला पेशीविभाजन समजावायचे. ती हसायची. म्हणायची, "शाळेत तू भेटली असतीस तर मी शाळा सोडली नसती." मला ते फार गोड लागायचं.

डिसेंबरअखेर ऑनर्स ग्रुपची यादी आली. सहा नावं. त्यात माझं होतं, आणि तिचंही. तिने ती यादी छापून घेतली आणि आईला दाखवायला वृद्धाश्रमात गेली. आत सोडत नव्हते, म्हणून बाहेरच्या फुलांच्या वाफ्यात उभं राहून तिने तो कागद आईच्या खोलीच्या काचेवर दाबून धरला. आईला वाचता आलं की नाही, तिला कळलं नाही. "पण मान हलवली तिने," असं मला सांगितलं.

जानेवारीत त्याच खोलीत तिची आई गेली. कोविडनेच. चर्चमध्ये फक्त दहा माणसांना परवानगी होती, म्हणून गाव रस्त्याच्या कडेला उभं राहिलं. मीही राहिले, नवऱ्याची मोठी छत्री घेऊन. काळी गाडी हळूहळू गेली, तिच्या मागच्या गाडीत ती होती. तिने माझ्याकडे बघितलं, पण ओळखलं नाही.

आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात घेऊन जातात. पिठलं तिला झेपलं नसतं, म्हणून मी बिनमिरचीची मुगाची खिचडी केली, स्टीलच्या डब्यात भरली आणि नवऱ्याबरोबर जाऊन तिच्या दारात ठेवून आले. परत येताना मला आठवलं की सोमवारी ऑनर्स ग्रुपचा पहिला मोठा निबंध द्यायचा आहे. संसर्ग रोखण्याच्या पद्धती, तीन हजार शब्द. ही बाई कुठून लिहिणार? मुदत वाढवून मागता येते, त्यासाठी एक साधा फॉर्म असतो, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मला तो सुचला नाही. मला वहीच सुचली. घरी पोचताच मी माझा पूर्ण झालेला निबंध तिला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "यातलं हवं ते घे. आत्ता नवीन काही लिहीत बसू नकोस." खिचडी दिली तशीच दिली ती फाइल, तेवढ्याच सहज. तिचं उत्तर आलं, "थँक्स, पेट." मला त्या दिवशी स्वतःबद्दल फार बरं वाटलं.

दोन आठवड्यांनी कोर्सच्या प्रमुखांची मेल आली. निबंध तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन निबंध सारखे सापडले होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता माझ्याशी बोलायचं होतं, बारा वाजता तिच्याशी. नियमही जोडला होता: उतरवणारा जितका दोषी, तितकाच जाणूनबुजून उतरवू देणारा. दोघांनाही ऑनर्स ग्रुप बंद.

मी ते वाक्य चारदा वाचलं. आमच्याकडे वही न देणाऱ्या मुलीला सगळे नावं ठेवायचे. इथे देणारीच गुन्हेगार! मला आधी राग आला, मग ती जागा आठवली. नवरा ड्यूटीवरून आला, तेव्हा मी स्वयंपाकघरातच उभी होते. त्याच्या नाकावर मास्कचा लाल वळ होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "अगं, सिंपल आहे. तू बघायला दिलंस, तिने कॉपी मारली. खोटं काय आहे यात?"

"अरे, मी 'हवं ते घे' म्हटलं होतं तिला."

"ते त्यांना कुठे माहितीये?" तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

त्याला दोष देत नाही. मला जे ऐकायचं होतं तेच तो बोलला. मी फोन उघडला, ते वाक्य शोधलं आणि पुसायला गेले. दोघींच्या फोनवरून पुसायची सोय थोडाच वेळ असते, ती कधीच संपली होती. फक्त माझ्याच फोनवरून पुसता येत होतं. तेवढं पुसलं. त्याचा उपयोग शून्य होता हे कळत होतं, तरी पुसलं.

अकरा वाजता प्रमुख स्क्रीनवर आले. सभ्य माणूस, आवाज मऊ. म्हणाले, "तुमच्या सहाध्यायीच्या निबंधातलं एक वाक्य वाचून दाखवतो." आणि वाचलं: "आमच्या लॅबमध्ये उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जात असे, म्हणून नमुन्यांच्या डब्याला आम्ही ओलं गोणपाट गुंडाळत असू."

ते माझं वाक्य होतं. अमरावतीचं, मे महिन्यातलं. त्या बाईच्या गावात पारा पंचवीसला गेला तर लोक उन्हाला घाबरून आइस्क्रीम खायला पळतात. मला हसू फुटणार होतं आणि त्याच क्षणी लक्षात आलं की तिने ते वाचलंच नव्हतं. दर स्वल्पविरामासाठी मला फोन करणारी ती बाई. फाइल उघडली, वर आपलं नाव घातलं आणि पाठवून दिली. आईला जाऊन चार दिवस झाले होते.

"कोणी कुणाचं घेतलं, हा प्रश्नच नाही," प्रमुख म्हणाले. "प्रश्न एवढाच आहे की तुम्ही तिला घ्यायला सांगितलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "फक्त मांडणी कळावी म्हणून बघायला दिलं होतं. स्वतःच्या शब्दांत लिही, असं मी तिला बजावलं होतं."

बजावलं होतं, हे मला कोणी विचारलं नव्हतं. नुसतं नाही म्हणूनही भागलं असतं. पण खोटं एकदा तोंडातून निघालं की त्याला हातपाय फुटतात. ते "ग्रँड" म्हणाले, म्हणजे इकडचं 'छान, ठीक', थँक्स म्हणाले आणि स्क्रीन बंद झाला.

बारा ते साडेबारा मी भांड्यांच्या कपाटातले सगळे डबे खाली काढले आणि परत वर लावले. तिकडे तिला फार काही करावं लागणार नव्हतं. तिचा फोन फक्त कॅमेऱ्यासमोर धरायचा होता. माझं 'हवं ते घे', माझं नाव, तारीख, सगळं त्यावर होतं. मग आम्ही दोघीही गेलो असतो. कदाचित तिचं प्रकरण जरा हलकं झालं असतं, कारण दुःखात असलेल्या बाईला मीच घे म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. मला समज देण्यात आली होती, ग्रुपमधली जागा कायम. खाली लिहिलं होतं: "आपण स्पष्ट ताकीद दिली होती, हे आपल्या सहाध्यायीनेही मान्य केले आहे."

प्रमुखांनी तिला माझं म्हणणं सांगितलं असणार, आणि ती म्हणाली असणार, हो, बरोबर आहे. का म्हणाली, हे मला आजही माहीत नाही. थकली असेल. दोघींतली एक तरी राहू दे, असं वाटलं असेल. पहिलं मला पटत नाही आणि दुसरं सहन होत नाही. तिचं नाव यादीतून गेलं, निबंधाला शून्य मिळालं.

गुरुवारी मी टॅक्सी सांगायला निघाले होते. खिडकीतून बघितलं तर पंपाच्या कोपऱ्यावर गाडी उभी. काचा खाली. मी जाऊन मागे बसले. सीटवर माझा स्टीलचा डबा होता, घासूनपुसून लख्ख. उचलला तर जड लागला. आत चार स्कोन होते, इकडचे घरी भाजलेले गोडसर पाव, कागदात गुंडाळलेले. ऑक्टोबरात कधीतरी मीच तिला वाऱ्यात ओरडून सांगितलं होतं की आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत.

गाडी सुरू झाली. मी म्हणाले, "त्या दिवशी मी त्यांना..."

"रस्ता निसरडा आहे, पेट," ती म्हणाली. "जरा लक्ष देऊ दे मला."

रस्ता कोरडा होता. मी डबा मांडीवर घेतला. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही. प्रमुखांना मेल करायला मला फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असे तीन महिने होते. मी बुधवारचे सगळे तास केले, प्रकल्प केला, त्यात पहिली आले. ती ईस्टरनंतर कॉलेजात आली नाही. हॉटेलं उघडणार होती, तिला रिसेप्शनवर परत बोलावलं होतं. शेवटचे गुरुवार मी टॅक्सीने गेले.

ऑगस्टमध्ये जागा मिळाल्याचं कळलं. नवऱ्याने केक आणला. आईला फोन केला तर तिने पहिल्यांदा काय विचारावं? "त्या गाडीवाल्या बाईले सांगतलं काय? तिनं इतकं नेलं-आनलं तुले. आधी तिले सांग."

मी तिला लिहिलं, "मला जागा मिळाली." मिनिटाभरात उत्तर आलं: "ग्रँड! किती आनंद झाला मला, पेट. तू मिळवलीस ती."

मी बोटाने वर सरकवत जानेवारीपर्यंत गेले. माझी फाइल आहे, आणि तिच्याखाली एकदम तिचं थँक्स. मधे काहीच नाही. माझा फोन बघणाऱ्याला वाटेल, नुसतं बघायला दिल्याबद्दलच आभार मानलेत. तिच्या फोनवर मात्र माझं 'हवं ते घे' अजून आहे, आणि मला अभिनंदन लिहिताना तिला तिथपर्यंत जायला बोटभरच वर सरकायचं होतं.