शिवणीआड ठेवलेली दोन बोटं

नलूच्या हातचं काम तळेगावात एका माणसाच्या अंगावर बारा वर्षं मिरवलं आणि नलू केळझरात बापाच्या मशीनवर बसून राहिली. याला नशीब म्हणणारे पुष्कळ भेटले. नलूला त्यांचा राग यायचा.

तिचा बाप किसनराव शिंपी. शहात्तरच्या हिवाळ्यात तळेगावच्या मधुकररावांच्या घरी तिचं जमलं. जात एकच; फक्त त्यांच्याकडे सुई सुटून कापडाचं दुकान आलं होतं आणि दुकानाबरोबर तोराही. मुलगा बंडू फटफटीवर फिरायचा. दिल्लीच्या मामानं त्याला आपलं चामड्याचं जाकीट दिलं होतं, पण मामा धिप्पाड. खांदे दंडावर उतरायचे, बाह्या बोटांपर्यंत यायच्या. लग्नाआधीच्या साक्षगंधाला हेच घालायचं म्हणून बंडू ते घेऊन स्वतःच आला.

"वर्धेत याले कोणी हात नाई लावत," तो म्हणाला. "आता टेलर घरचाच झाला, मंग कायची फिकर?"

किसनराव म्हणाले, मोच्याकडे देऊ. नलू म्हणाली, "मोची जोडे शिवते, बाबा. याले बेत लागते. मी करतो."

कापडात चुकलेली शिवण उसवता येते; चामड्यात सुईचं भोक कायमचं राहतं. म्हणून धावदोरा नाही की टाचणी नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे लावून तिनं कडा धरल्या, चामडं सरकावं म्हणून मशीनच्या सुईजवळच्या पायाला खोबरेल चोपडलं, दुमड बसवायला सायकलवाल्याचं पंक्चरचं सोल्यूशन आणलं. पाच सुया मोडल्या. दोन्ही बगलांखाली दोन-दोन बोटं रुंद चामडं शिवणीआड घेतलं आणि ते कापलं नाही. लग्नानंतर माणूस अंगानं भरतो, तेव्हा ढिलं करता येईल, बगलेतली जुनी भोकं कोणाला दिसतात, असं तिच्या मनात आलं. हे तिनं आईलासुद्धा सांगितलं नाही.

साक्षगंध नलूच्याच घरी झालं. जाकीट बंडूच्या अंगावर असं बसलं की दोन्हीकडचे लोक त्याला फिरवून फिरवून पाहत होते. त्याची आई प्रमिलाबाई कौतुकानं म्हणाली, "कोन्या टेलरनं केलं?"

शकुबाई, नलूची भोळी आई, हरखून बोलून गेली, "आमच्या नलूनं. हे काय, याच मशीनवर."

मशीनवर दसऱ्याचं हळदीकुंकू अजून दिसत होतं. प्रमिलाबाईनं हातातली चहाची बशी खाली ठेवली.

आठ दिवसांत निरोप आला. ज्याची दसऱ्याले पूजा करता त्याच्यावरच चामडं चढवता, असं घर आमाले नाई जमत. चामडं त्यांचंच, पाठ त्यांच्याच पोराची. पण बाटलं ते केळझरचं मशीन. जाकीट मात्र त्यांनी टाकून दिलं नाही. कशाला देतील, फिटिंग झकास होतं.

निरोपाची बातमी नातेवाइकांत फिरली. पुढं तीन स्थळं दारापर्यंत येऊन माघारी गेली. पुढच्या दसऱ्याला किसनरावांनी कैची पुजली, टेप पुजली आणि मशीन पुसून बाजूला सारलं. नलूला हे तळेगावच्या निरोपापेक्षा जास्त लागलं. त्या दिवशी तिनं स्वतःच मशीनला कुंकू लावलं.

काम मात्र येत राहिलं. वर्ध्याची, नागपूरची पोरं जाकिटं घेऊन यायची आणि फाट्यावर उतरून चामडेवालीचं घर विचारायची. तिचं नाव कोणी विचारलं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात बंडूजी तेच जाकीट घेऊन दारात उभे राहिले. पोट सुटलं होतं.

"टाईट होऊन राह्यलं," ते मशीनकडे पाहत म्हणाले. मग जरा थांबून, "तवा बाबापुढे माहं काही चाललं नाई."

"चहा घेता?"

"नाई, घेऊनच निघालो."

नलूनं अस्तर उसवलं. आत दोन-दोन बोटं चामडं होतं तसंच चिकटून बसलेलं, रंगही न उतरलेला. बंडूजी वाकून पाहू लागले.

"जागा हाय की आत."

"तुमच्यासाठीच ठेवली होती," नलू म्हणाली. तिनं कैची उचलली, शिवणीला लागून चारही कडांचं चामडं कापलं आणि पट्ट्या त्यांच्या हातात दिल्या. "आता नाई. आता हे कोणालेच ढिलं करता येत नाई."

ते जाकीट काखेत मारून निघाले. नलूला वाटलं होतं, बरं वाटेल. वाटलं नाही. त्या जाकिटाएवढा जीव लावून तिनं पुन्हा कधीच काही शिवलं नव्हतं.