मिसाओबाईंची अळंबीची जागा

शरद ऋतू आला की आमच्या सासूबाईंचं वय दहा वर्षांनी कमी होतं आणि माझं तेवढंच वाढतं. एरवी गुडघे धरून बसणाऱ्या मिसाओबाई ऑक्टोबर उजाडला की पहाटेच उठून पायांना पट्ट्या गुंडाळायला लागतात. मग घरात कुणाचं काही चालत नाही. एक दिवस डबे बांधून लाल मॅपल बघायला जायचं, आणि तिथे कुणी फार बडबड केली तर त्या डोळे वटारतात. एक दिवस अकेबीच्या वेली तोडून आणायच्या, भिजवायच्या आणि परड्या विणायच्या. माझी परडी दरवर्षी वाकडी होते आणि दरवर्षी ती कोंबड्यांना अंडी घालायला मिळते. मग पर्सिमॉनची फळं सोलून दोरीला बांधून ओसरीत वाळत टांगायची. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे ओयाकीचा दिवस.

कणकेच्या गोळ्यात लाल भोपळा नाहीतर मिसोत, म्हणजे सोयाबीनच्या खारवलेल्या वाटणात परतलेली वांगी भरायची, तव्यावर दोन्हीकडून शेकायचं आणि माजघरातल्या चुलीच्या गरम राखेत पुरून भाजायचं. मिनेसावा गावात राखेत ओयाकी भाजणारं घर आता आमचं एकच उरलंय, आणि सासूबाईंना त्याचा काय तो ताठा! त्या दिवशी सगळे नातेवाईक रात्री जेवायला येतात. एक घाणा मात्र मात्सुताके अळंबीचा असतो आणि तिच्यासाठी त्या पहाटे एकट्याच डोंगरात जातात.

मात्सुताके पाइनच्या मुळांशी उगवते, तीही नशीब असेल तर. ज्याला तिची जागा सापडते तो ती सांगत नाही. बायकोला नाही, पोटच्या पोराला नाही. आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सासरे गेले, पण त्यांनाही सासूबाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. त्या आपला छोटा ट्रक मुद्दाम भलतीकडेच उभा करतात. अस्वलं दूर राहावीत म्हणून आम्ही सगळे कमरेला घंटा बांधतो, तर या जागा जवळ आली की घंटेत फडकं कोंबतात.

मी नागोयाहून लग्न होऊन या घरात आले, त्याला वीस वर्षं झाली. एकदा धीर करून त्यांना जागा विचारली होती. ‘‘शहरातल्या माणसाला सांगायचं म्हणजे गावच्या भोंग्यावरच सांगायचं,’’ त्या म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले, पण मला ते लागलं. अजून लागतं.

गेल्या वर्षीच्या ओयाकीच्या दिवशी त्या अशाच अंधारात उठून गेल्या. ‘‘कणीक झाकून ठेव, चुलीपासून हलू नकोस, पीठ मुरेपर्यंत येतेच,’’ असं बजावून गेल्या. शेजारच्या फुसाएमावशी मदतीला आल्या होत्या आणि ओसरीत बसून पर्सिमॉन सोलत होत्या. या दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. त्यांना एकमेकींशिवाय करमत नाही आणि एकमेकींना टोमणे मारल्याशिवाय अन्न पचत नाही.

पीठ मुरलं. राख तापली. दुपार झाली तरी सासूबाई आल्या नाहीत.

‘‘येईल गं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘एकेक मूळ उकरत बसली असेल. म्हातारी हावरट आहे.’’

पण आभाळ खाली उतरायला लागलं होतं. डोंगराचा माथा धुक्यात गेला आणि वारा असा बोचरा झाला, की मी ओसरीची दारं लावून घेतली. माझा नवरा तेत्सुरो ट्रक शोधायला निघाला आणि थोड्याच वेळात त्याचा फोन आला. ट्रक धबधब्याच्या पायथ्याशी होता आणि आई कुठेच दिसत नव्हती. त्याने गावच्या अग्निशमन पथकाला बोलावलं होतं.

‘‘मी येते,’’ मी म्हटलं.

‘‘तू घरीच थांब. आई परत आली तर घरी कुणीतरी नको का?’’

‘‘तेत्सुरो, आईंची जागा कुठे आहे?’’

‘‘मला कुठे माहितेय!’’ तो ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. ‘‘मला तरी कधी सांगितलंय तिने!’’

फोन ठेवला आणि मी वळून बघितलं, तर मावशींच्या हातातली सुरी थांबली होती. अर्धं सोललेलं फळ तसंच मुठीत धरून त्या अंगणाकडे बघत बसल्या होत्या.

‘‘धबधब्याकडे शोधताहेत का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो.’’

त्यांनी सुरी पुन्हा चालवली, पण साल एकसंध निघेना, तुकडे पडायला लागले. ज्या बाईच्या हातून साल कधी तुटत नाही, तिच्या हातून तुटायला लागली.

‘‘मावशी, तुम्हाला काहीतरी माहितेय.’’

‘‘मला काय माहीत असणार?’’

‘‘मावशी! थंडी पडतेय. त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत!’’

त्यांनी सुरी खाली ठेवली. तोंडातून शब्द फुटायला त्यांना इतका वेळ लागला, की मला त्यांचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

‘‘ट्रक धबधब्याकडे असतो तेव्हा ती तिकडे कधीच नसते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ओढा ओलांडून पलीकडच्या उतारावर जाते. एका वर्षी मी तिच्या मागे मागे गेले होते. तेव्हापासून ती वेचून गेली, की मागून मी जाते. उरलेली आणते.’’

‘‘म्हणजे तुम्ही दरवर्षी आम्हाला भेट देता ती अळंबी...’’

‘‘तिच्याच जागेवरची. आणि ती खाऊन वर म्हणते, फुसाए, तुझ्या जागेला काही वास नाही गं!’’

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसून लोळले असते. त्या दिवशी मी फक्त बूट चढवले. चुलीपासून न हलायची आज्ञा गेली खड्ड्यात. मी तेत्सुरोला फोन लावायला लागले, तर मावशींनी माझा हात धरला.

‘‘पथकाला नको सांगूस. अर्धं गाव आहे त्यात. उद्या सगळे तिथे टोपल्या घेऊन उभे राहतील. ती मला जिवंत ठेवणार नाही.’’

‘‘आधी त्या तरी जिवंत राहू देत!’’ मी म्हटलं आणि फोन केला. ओढ्यापाशी येऊन थांबा, शिट्टी ऐकली की वर या, एवढंच सांगितलं. मावशींकडे बघून मी तेवढीच सवलत दिली.

ओढ्याचं पाणी बर्फासारखं होतं. पलीकडचा उतार म्हणजे नुसती घसरण, खाली ओला पाला आणि वर पाइनची दाटी. मावशी झाडांना धरत पुढे आणि मी त्यांच्या मागे. त्या एका वाकड्या पाइनपाशी थांबल्या. तिथला पाला उकरलेला होता आणि पुन्हा नीट पसरून ठेवलेला होता. माणूस नव्हतं.

‘‘मिसाओ!’’ मावशींनी हाक मारली. ‘‘अगं मिसाओ!’’

काहीच नाही. पाण्याचा आवाज तेवढा. मावशींनी पुन्हा हाक मारली आणि मग त्या मटकन खाली बसल्या. ‘‘उशीर केला मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पर्सिमॉन सोलत बसले मी, रित्सुको.’’

खाली दरीत बघवत नव्हतं. मी डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, ‘‘आई!’’

‘‘ओरडू नकोस. इथे आहे मी,’’ अगदी पायाखालून आवाज आला.

खालच्या टप्प्यावर, दोन मुळांच्या खोबणीत, सासूबाई परडी पोटाशी धरून बसल्या होत्या. ओठ निळे पडले होते. एक पाय घोट्यातून सुजून भोपळा झाला होता. मी घसरतच खाली गेले, माझं जाकीट त्यांच्या अंगावर टाकलं आणि रडत रडत त्यांना इतकं बोलले, की वीस वर्षांत बोलले नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं. मग वर मान करून बघितलं.

‘‘ही इथे कशी?’’

मावशींनी मान खाली घातली. सासूबाईंनी परडी आणखी घट्ट पोटाशी धरली.

‘‘तरीच,’’ त्या एवढंच म्हणाल्या.

मी खिशातून शिट्टी काढली.

‘‘वाजवू नकोस,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘काठी दे. चालते मी.’’

‘‘उभं तरी राहता येतंय का?’’

‘‘येतंय.’’ त्यांनी मुळाला धरून जोर केला आणि किंचाळून परत बसल्या. तरी माझं मनगट सोडेनात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही. उजेड कमी होत चालला होता आणि त्यांचे दात वाजत होते.

मावशी वरून उतरून आल्या. त्यांनी माझ्या मुठीतून शिट्टी काढून घेतली. ‘‘जागा काय तुझी एकटीचीच जातेय का?’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझीही जातेय.’’ आणि त्यांनी ती फुंकली. पुन्हा पुन्हा फुंकली, गालांवरून पाणी वाहत असताना फुंकली.

पथकातली माणसं आली. त्या पाइनकडे कुणी मान वळवली नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगेन. त्यांनी सासूबाईंना स्ट्रेचरवर बांधलं. तेत्सुरोने पुढची बाजू धरली. मी शेजारून चालत होते आणि त्यांचा गार हात माझ्या हातात चोळत होते.

ओढ्यापाशी आल्यावर तेत्सुरो मागे न बघताच म्हणाला, ‘‘आई, दुपारपासून आम्ही समोरच्या काठावर घसा फोडत होतो. खरंच ऐकू नाही आलं?’’

‘‘आलं की,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘सगळं ऐकू येत होतं.’’

तो थांबला, तसं स्ट्रेचरही थांबलं.

सासूबाईंनी माझा हात जवळ ओढला, मी वाकले. ‘‘एकेक हाक ऐकत होते मी,’’ त्या हळू म्हणाल्या. ‘‘सगळे पुरुषांचे आवाज, मग फुसाएचा. जागा कळायचीच तर तुला कळू दे, तुझी हाक येईल, तेव्हाच ओ देईन म्हटलं. इतका वेळ कुठे होतीस गं तू?’’