शमीमआपांचा निवडुंग

शमीमआपा गेल्याचं त्यांच्या सुनेनं, रुबीनानं, फोनवर सांगितलं. मी तेव्हा हिंगोलीला मुलीकडे होते. "मावशी, अम्मी गेल्या... झोपेतच," एवढंच ती बोलू शकली. सेनगावला पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आमची घरं एका भिंतीला लागून. इतकी वर्षं त्या भिंतीवरून भाजीच्या वाट्या आणि गप्पा ये-जा करत आल्या. त्यांच्या अंगणात पाऊल ठेवलं, पत्र्याच्या वर डोकं काढून उभा असलेला निवडुंग दिसला आणि तोवर धरून ठेवलेलं रडू आलं.

लग्नानंतर पहिल्या ईदला माहेरी, जवळच्याच गोरेगावला गेल्या, तेव्हा वीतभर तुकडा फडक्यात गुंडाळून त्यांनी तो आणला होता. खांबासारखा सरळ वाढणारा. "काटेरी झाड दारात नको, भांडणं होतात," असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. आपा हसायच्या. "भांडणं तर सासूबाईंच्या वक्तालाच होऊन गेली सगळी. आता ह्यो बिचारा काय करून राहिला?" त्यांच्या नवऱ्याचं, सलीमभाईंचं, बांगड्यांचं दुकान होतं आणि बांगड्या भरायला आपाच बसायच्या. मनगट कितीही भरलेलं असो, बाईला दुखू न देता काचेची बांगडी चढायची. त्याच बोटांनी त्या काट्यांमधली कोळिष्टकं काढायच्या. पाणी मात्र माती पार कोरडी झाल्याशिवाय द्यायच्या नाहीत.

मग सलीमभाई आजारी पडले. तो पावसाळा आपांनी नांदेडच्या दवाखान्यात काढला. इकडे कुंडीचं भोक बुजलं आणि पाणी तुंबून राहिलं. सलीमभाई वाचले नाहीत. आपा परतल्या तेव्हा निवडुंगाचा बुंधा मऊ, तपकिरी पडला होता. दीर म्हणाले, "भाभी, फेकून देऊ."

"काहून फेकू? वरून हिरवा हाय की अजून."

दिरांकडूनच त्यांनी तो करवतीनं कापून घेतला. सडका भाग संपून आत स्वच्छ गर दिसेपर्यंत एकेक चकती काढायला लावली. उरलेला खांब जखम सुकायला ओसरीत पोत्यावर आडवा ठेवला. नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीचे दिवस होते, आपा घराबाहेर पडत नव्हत्या. मी दुपारी जाऊन बसायचे. त्या फारसं बोलायच्या नाहीत. मधेच उठून तो खांब हलकेच दुसऱ्या कुशीवर वळवायच्या. "एकाच अंगावर ठेवला तर वाकडा होतो," एकदा म्हणाल्या. मग पोतं सारखं करत पुढे म्हणाल्या, "त्यांनाबी असंच वळवायची मी... नांदेडला." त्या दिवशी पहिल्यांदा त्या मोठ्यानं रडल्या. मी त्यांचा हात धरून बसून राहिले.

कापलेली जागा चामड्यासारखी कडक झाल्यावर आपांनी तो वाळू-खडीत उभा केला, काठ्यांचा आधार दिला. पाणी दिलं नाही. कितीतरी दिवस बोट लावलं तरी तो डुगडुगायचा. मग एका सकाळी भिंतीवरून हाक आली, "ताई, या लवकर! हलून न्हाई राहिला!" मूळ धरलं होतं. त्याच आठवड्यात आपांनी बंद पडलेलं दुकान पुन्हा उघडलं.

अलीकडे मात्र त्यांच्या जिवाला एक घोर लागला होता. नात रांगायला लागली होती. मुलगा, अस्लम, म्हणाला, "अम्मी, काढून टाकू. लेकराच्या डोळ्यात काटा गेला तर?" आपांनी वाद घातला नाही. "तुझं बराबर हाय," म्हणाल्या, "पण थोडं थांब." हे त्यांनी मला भिंतीपाशी सांगितलं. नातीहून झाड मोठं नाही, हे त्यांनाही कळत होतं... आणि त्या थोड्या थांबण्यातच त्या गेल्या.

आपांचा चाळिसावा झाल्यावर, निवडुंग आता जाणार अशी मनाची तयारी करूनच मी त्यांच्याकडे गेले. रुबीना अंगणात जमिनीवर बसली होती. शेजारी फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल. त्याचे बोराएवढे तुकडे मोडून ती निवडुंगाच्या एकेका काट्यावर खोचत होती, लेकराचा हात पोहोचेल तिथपर्यंत.

"अस्लम काढणार होता ना?" मी विचारलं.

"काढायचाच होता, मावशी. हे कुऱ्हाड घेऊन उभेबी राहिले... मग तिथंच बसले खाली." तिनं आणखी एक तुकडा खोचला. "पोरगी उभी राहायला लागली की अजून वर लावीन."

नात रांगत आली. एका पांढऱ्या तुकड्यावर बोट टेकवून आईकडे बघत हसली. मीही खाली बसले आणि थर्माकोल मोडायला घेतलं.