डब्याचा चौकोन

डॉक्टरबाई गेल्याचं कळलं तो शनिवार होता. सकाळची शाळा, मधली सुट्टी व्हायची होती. त्यांच्या साताऱ्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरांचा फोन आला, आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "अहो, पण आज बारा वाजता त्या फोन करणार होत्या..."

महिना होऊन गेला. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्या लबाडीपासूनच सुरुवात करायला हवी.

माझी जुई एडीएचडीची. लक्ष टिकत नाही, पाय थांबत नाहीत. पाटणजवळच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत ती तेव्हा माझ्याच वर्गात होती. सासूबाई रोज ऐकवायच्या, "अगं, धडधाकट पोरीला गोळ्या कशापायी? लय लाड झालं, दुसरं काय न्हाई!" गोळी लागू पडतेय हे मला त्यांना दाखवायचंच होतं. डॉक्टरबाईंनी एक तक्ता दिला होता: वर्गात बसली का, झोप लागली का, डबा संपवला का. रोजच्या रोज भरायचा. आणि मी? शाळेच्या तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही रजिस्टरं भरतो, तसा अख्खा महिना साताऱ्याला जाताना एसटीत बसून भरला. बरोबर, बरोबर, बरोबर!

जुईचं वजन उतरलं होतं. बाईंनी तिला काट्यावर दोनदा उभं केलं. "या गोळीनं भूक मरते कधीकधी. पण ही तर रोज डबा संपवतेय. मग हे दुसरंच काहीतरी आहे." रक्त तपासायचं ठरलं. सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांनाही दाखवावं लागेल म्हणाल्या. सिस्टरांनी दंडाला पट्टा बांधला, सुई काढली. जुई ओरडली, "आई, नको गं!" आणि मी मेली गप्प उभी.

तिला बोलण्यात गुंतवायला बाईंनी गावच्या यात्रेचं विचारलं. जुई रडत रडतच पाळण्याचं सांगू लागली. "गुरुवारी शाळेला सुट्टीच होती!" बाईंनी तक्ता पुढं ओढला. गुरुवारच्या चौकोनात माझी खूण.

"सिस्टर, थांबा." मग माझ्याकडे बघून, "यात्रेदिवशी वर्ग भरला होता का?"

"न्हाई," मी म्हटलं. घाबरले की माझी शाळेतली भाषा सुटते. "डबा तसाच येतोय... रोज."

"अहो, या कागदावर मी पोरीचं औषध ठरवते!" त्या कडाडल्या. त्यांनी तक्त्यावरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाल्या, "सगळ्या खुणा एका शाईच्या. मला दिसायला नको होतं? आणि खरं लिहायला जागा तरी कुठं ठेवली होती मी?"

त्यांनी गोळी कमी केली. पुढच्या तक्त्यात 'अर्धा' आणि 'माहीत नाही' हे पर्याय आले, आणि दर शनिवारी बारा वाजता प्रत्येक मुलाच्या शिक्षकांना त्यांचा फोन. जुई माझ्या वर्गातून पुढं गेली तरी मला तो यायचाच. "खरं सांगा, रागावणार नाही," म्हणायच्या. आणि रागवायच्याच! जुई अंगानं भरली, वर्गातही बसू लागली. आता सासूबाईच गोळीची आठवण करून देतात.

त्या शनिवारी घरी आले आणि फोन समोर ठेवून नुसती बसून राहिले. जुई आता सहावीत आहे, तक्ता स्वतः भरते. तिनं आपल्या डब्यापुढं 'अर्धा' लिहिलं. मग माझी पिशवी उघडून बघितली, आणि चौकोनाच्या खाली एक ओळ वाढवली... 'आईनं आज डबा उघडलाच नाही.'