आईची डाळ आणि बोअरचं पाणी

दिघीच्या धक्क्यावर आमचा टेम्पो फेरीबोटीत चढला, तेव्हा आई ड्रायव्हरशेजारची जागा सोडून खाली उतरली आणि सामानाजवळ जाऊन उभी राहिली. दोन गाद्या, एक कपाट, तांदळाची पोती आणि दोरीने आवळलेलं नवंकोरं वॉशिंग मशीन. माझ्या नवऱ्याने, महेशने, ते मुद्दाम घेतलं होतं. परक्या गावात आईला कपडे धुवायला लागू नयेत म्हणून. दादा धक्क्यापर्यंत सोडायला आला होता. बोट सुटताना तो ओरडला, "आये, करमलं न्हाय तर सांग. येतो न्यायला." आई हसली. आगरदांडा येईपर्यंत तिने दोरीवरचा हात काढला नाही.

माझी बदली अलिबागला झाली होती. महेशला कारखान्यात पाळ्या, आमची चिनू तीन वर्षांची. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. चिनूला सांभाळायला मी येते, असं आईच म्हणाली. त्यानंतरच्या चार महिन्यांत काय झालं, ते दादा-वहिनीला आम्ही दोघींनीही कधी सांगितलं नाही. म्हणून आता लिहिते. गाव सोडून दुसरीकडे बिऱ्हाड थाटलेल्या इतरांनाही कदाचित उपयोग होईल.

आमच्या गावची विहीर जांभ्या दगडात खोदलेली. ते पाणी हलकं की जड, असा प्रश्नच कधी पडला नव्हता. अलिबागजवळच्या आमच्या इमारतीत नळाला बोअरचं पाणी येतं. दिसायला स्वच्छ. आम्ही ते गाळून, उकळून वापरायचो आणि निर्धास्त होतो.

पहिल्याच आठवड्यात आईची डाळ शिजली नाही. पाच शिट्ट्या देऊनही दाणा दाण्याजागी आणि पाणी पाण्याजागी. मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी तेच. आईने डाळ बदलली, मग कुकरची रिंग बदलायला लावली. चहावर तवंग यायचा. स्टीलच्या भांड्यांवर पांढरे डाग राहायचे. आई ती राखेने घासायची, हाताला चिरा पडेपर्यंत. पहिल्यासारखा जोर राहिला नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

तेव्हा मला यातलं काही दिसलं नाही. कचेरीतून दमून यायचं आणि ताटात कचकचीत डाळ. एकदा मी बोलून गेले, "आई, शिट्ट्या मोजायला विसरतेस का गं तू?" ती म्हणाली, "मोजल्या की. सात झाल्या." मला ते खरं वाटलं नाही. महेशला मी हळूच म्हटलं, आईला हल्ली आठवत नाही वाटतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळीच भाजी-पोळी उरकायला लागले; डाळीचा घाट घालायला मला वेळच नसायचा. "राहू दे, मी करते," असं रोज म्हणायचे. मला वाटायचं, मी तिला आराम देतेय.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी उठले तर आई लुगडी घडी करून बोचक्यात भरत होती. म्हणाली, "दादाला फोन लाव. मी जाते."

"का गं? काय झालं?"

"काय व्हायाचंय? माज्या हातात काय राह्यलं न्हाय, वने. डाळ शिजंना, भांडं निघंना. पोरीला काय करून घालू मी? हितं बसून नुसतं खायाचं, त्यापेक्षा आपलं घर बरं."

मी तिची समजूत घालायला लागले. घालता घालता माझ्याच लक्षात आलं की मीही हेच मानून चालले होते, फक्त तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

त्याच सकाळी गिझर लावला की घरातली वीज जात होती. महेशने सलीमभाईंना बोलावलं. ते पन्नाशीचे, कॉलनीतले सगळे गिझर आणि मशीन दुरुस्त करणारे. त्यांनी गिझर खाली काढला, उघडला आणि आतली कॉइल ओढून बाहेर काढली. धक्क्याच्या खांबांना कालवं चिकटतात ना, तशी ती पांढऱ्या खरबरीत थराने भरली होती. त्यांनी जमिनीवर ठोकली तशा खपल्या पडल्या.

"नवीन गिझर ना? चार महिने झाले? इथलं पाणी जड आहे, ताई. क्षार चढतात. मशीन दाखवा." मशीनच्या पाइपातली जाळीही तशीच भरून गेली होती.

आई बोचकं तिथंच ठेवून पुढे आली. एक खपली उचलून तिने नखाने खरवडली. "ह्ये पान्यानं केलं?"

"पाण्यानेच, आजी."

"मंग... डाळ?"

सलीमभाई हसले. "डाळ कशी शिजेल? आमच्या घरी जेवणाला देवळापलीकडच्या विहिरीचं पाणी आणतात. बोअरच्या पाण्यात माझी आई डाळ शिजवतच नाही."

आई कितीतरी वेळ ती खपली तळहातावर घेऊन उभी होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सातच शिट्ट्या दिल्या व्हत्या मी."

"हो गं. माझं चुकलं," मी म्हटलं. तिने मान हलवली. जावयाला दोन कॅन घेऊन विहिरीवर पाठवलं आणि पदर खोचून स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी मला तिने ओट्याजवळ उभं राहू दिलं नाही.

दादाला फोन झालाच नाही. सलीमभाईंनी सांगितल्याप्रमाणे महिन्यातून एकदा मशीनमध्ये लिंबूसत्त्व टाकून ते रिकामं फिरवायचं, ही जबाबदारी आईने घेतली. ती ते अमावस्येला करते, म्हणजे विसरायला होत नाही. शेजारच्या काकूंना वाटायचं, आजी मशीनची दृष्ट काढतात. आता त्याही अमावस्येलाच करतात. कॉलनीत कोणी नवं बिऱ्हाड आलं, की आई त्यांना आधी पाण्याचं सांगून येते.

यंदा शिमग्याला आम्ही गावी गेलो. सकाळी न्हाणीत बसले, बोअरच्या पाण्याला फेस येत नाही त्या सवयीने अंगाला भरपूर साबण चोळला आणि पाणी ओतायला लागले. विहिरीच्या हलक्या पाण्याने साबण निघेना, अंग बुळबुळीत ते बुळबुळीतच. चार तांबे झाले, सहा झाले. लहानपणापासून याच पाण्याने अंघोळ केलेली मी, आणि मला ते ओळखता येईना.

बाहेरून आईचा आवाज आला, "वने, किती पानी वततेस गो?"

"आई, साबणच जात नाही."

ती दाराजवळ येऊन, वहिनीला ऐकू जाऊ नये अशी, हळूच म्हणाली, "माजाबी जात न्हाय."