पिनबॉलच्या फळीवरचा चेहरा

मी कॉलेजात असताना सीताबर्डीच्या एका हॉटेलात पिनबॉलचं मशीन होतं, काचेखालच्या उतरत्या फळीवर गोळी सोडून खेळायचं. लोखंडी गोळीनं घासून घासून आतल्या फळीवर रंगवलेल्या बाईचा चेहरा पार पुसला होता. मालकानं तो रंगवायला एका म्हाताऱ्या पेंटरला बोलावलं. त्यानं फळी घासली, खड्डे बुजवले आणि बारीक ब्रशनं ठसठशीत कुंकू लावलेल्या सावळ्या बाईचा चेहरा काढला.

"ही कोण, काका?" मी विचारलं.

"माही बायको होती गा. तिचा फोटो काढाचा राहूनच गेला."

चेहरा पुन्हा झिजू नये म्हणून त्यानं वर व्हार्निशचे तीन हात दिले.

पुढं तो रोज दुपारी यायचा. खेळायचा नाही, नुसता काचेतून बघत उभा राहायचा. तो आला की मी गोळी सोडत नसे.