जावळाचा वस्तरा

न्हावी गप्प बसला की गिऱ्हाइकाला चैन पडत नाही. गळ्यावर वस्तरा आहे, वस्तरा धरणारा मुका आहे, हे काही कुणाला मानवत नाही. मी तर एरवी नको इतका बोलायचो. सोलापुरात गिरणीच्या दरवाज्यासमोर लिंबाखाली माझं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि वर ताणलेलं गोणपाट. कुणाची सासू कशी, कुणाच्या खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, कसा, सगळ्या खबरा माझ्याकडे जमा व्हायच्या, आणि मीही त्या साठवून ठेवणाऱ्यातला नव्हतो. एकोणीसशे तिसाच्या अलीकडचा एक उन्हाळा मात्र मी पुरा गप्प होतो. माझं पोर गेलं होतं.

अकरा महिन्यांचं होतं. दोन दिवस जुलाब झाले, तिसऱ्या दिवशी सकाळी संपलं. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. डोक्यावर जन्माचे केस, म्हणजे जावळ, तसंच होतं. ते आदल्या पंधरवड्यातच उतरवायचं ठरलं होतं, पण पोराचा मामा कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात कामाला, त्याला रजा मिळाली नाही आणि मामाच्या मांडीशिवाय जावळ कसं काढणार? म्हणून दिवस पुढे ढकलला. सगळ्या गावाची डोकी करणाऱ्या माणसाचं पोर डोक्याला वस्तरा न लागता गेलं. मला याचा राग यायला हवा होता. मामाचा, रजा न देणाऱ्या साहेबाचा, देवाचा, कुणाचा तरी. आला नाही. रडूही आलं नाही. मातीवरून परत आलो, अंघोळ केली, आणि वाढलं तेवढं जेवलो.

आमच्या घरात एक रीत होती. दुसऱ्या न्हाव्यांकडे असेल नसेल, मला माहीत नाही. बापानं स्वतःच्या पोराच्या जावळाला हात लावायचा नाही, ते भाऊबंदांपैकी कुणीतरी करायचं. पण त्यासाठी वस्तरा कोरा आणायचा आणि तो बापानंच पाजळायचा. नवा वस्तरा कागदातून निघतो तेव्हा तो नुसता वस्तऱ्याच्या आकाराचा लोखंडाचा तुकडा असतो. त्याला धार आणायची ती दगडावर आणि पाण्यावर. माझ्याकडे वडिलांच्या हातचे दोन दगड होते, एक खरबरीत आणि एक मऊ. दोन्ही फुटक्या माठाच्या बुडात पाण्यात ठेवलेले असायचे. दगड पाण्यात टाकला की त्यातून बुडबुडे येतात. ते थांबले की दगड प्यायला असं समजायचं आणि मग वस्तरा ठेवायचा. जोर लावायचा नाही. पातं आडवं टेकवून धार पुढे ठेवून ढकलायचं, पलटायचं, ओढायचं. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे. मी महिनाभर रोज थोडं थोडं करत होतो, आणि खरबरीत दगडाचं काम संपून मऊ दगडाचं सुरू झालं होतं तेव्हा पोर गेलं.

त्यानंतरही मी तो वस्तरा घासत राहिलो. सुतक फिटल्यावर दुकानात जाऊ लागलो, तसा रोज दुपारी, गिरणीची पाळी आत गेलेली असायची आणि रस्त्यावर कुत्रंही नसायचं अशा वेळी, मांडीवर ओलं फडकं टाकून मऊ दगड घ्यायचा आणि घासत बसायचं. कशासाठी, ते विचारू नका. मला कुणी तेव्हा विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. हाताला सवय होती, हात करत होता. बायको घरी काय करत होती, रडत होती की नाही, ते मी पाहिलंही नाही. आज मला त्याची लाज वाटते.

एका बाजारच्या दिवशी मंद्रूपकडचा एक म्हातारा मेंढपाळ आला. लोकर विकायला सोलापुरात यायचा तेव्हा माझ्याकडे दाढी केल्याशिवाय जायचा नाही. मी जुना वस्तरा दगडावर चार वेळा फिरवला, चामड्याच्या पट्ट्यावर ओढला, आणि कानाखाली लावला. म्हातारा दचकला. रक्ताची बारीक रेघ गळ्यापर्यंत आली.

“आरं बाबा,” तो म्हणाला, “मेंढरू कातरताना बी एवडं रगत काडत न्हाय की आमी. ध्यान कुटं हाय तुजं?”

मी तुरटी लावली. दुसरा वस्तरा घेतला, तोही ओरबाडू लागला. तिसरा घेतला, त्याचीही तीच गत. म्हातारा अर्ध्या दाढीनं उठला आणि “ऱ्हाऊ दे, पुडल्या बाजारी बगू,” म्हणून पागोटं बांधू लागला. भला माणूस होता. दुसऱ्या कुणी माझा उद्धार केला असता.

तो गेल्यावर मी मऊ दगड पुसला आणि त्यावर ओंजळभर पाणी ओतलं. सपाट दगडावरून पाणी चारी बाजूंनी ओघळून जातं. माझ्या दगडावर ते मधोमध साचून राहिलं. दीड महिना एकाच जागी घासून घासून मी वडिलांच्या दगडाला खळगा पाडला होता. नव्यानं हातात दगड धरणाऱ्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात की जागा बदलत राहायची, दगड झिजला की दुसऱ्या दगडावर घासून सपाट करायचा. मला तर या धंद्यात वीस वर्षं झाली होती. खळग्यात जुन्या वस्तऱ्यांची टोकं तेवढी टेकत होती, मधली धार दगडाला लागतच नव्हती. नवा वस्तरा मात्र त्या खळग्याबरोबरच झिजला होता, दोघं एकमेकांच्या बाकात बसले होते. म्हणजे दुकानात धार असलेलं पातं एकच राहिलं होतं, आणि ते लावायचं ते डोकं मातीखाली होतं.

मी दगड आणि वस्तरे घरी नेले आणि दगड शहाबादी फरशीवर वाळू टाकून घासायला घेतला. तो सपाट व्हायला दोन दिवस, मग एकेक वस्तरा मुळापासून सुधारायला आठवडा, असा माझा हिशेब होता. त्याच संध्याकाळी शेजारच्या आळीतला विणकर दारात आला. त्याच्या घरी मागावर साड्या विणत, घरात तेलुगू बोलत, आणि तीन पिढ्यांची डोकी आमच्याच घराण्याकडे होती. त्याचा नातू माझ्या पोरापेक्षा आठ दिवसांनी मोठा. म्हातारा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“उद्या सकाळी जावळ हाय नातवाचं,” तो म्हणाला. “पुना चांगला दिवस न्हाय म्हनतेत. तुला जमत नसंल तर दुसऱ्याला सांगतो. राग न्हाय धरनार आमी.”

मी “येतो” म्हणालो. मोठेपणाचं त्यात काही नव्हतं. घराण्याचं घर दुसऱ्याकडे जाऊ द्यायचं नाही ही खुमखुमी होती, एवढंच. तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय कबूल करून बसलो. वर्षभराच्या पोराची टाळू भरलेली नसते. तिथं हाड नसतं, नुसती कातडी. जुना वस्तरा तिथं ओरबाडला तर लेकराचं काय होईल हे न्हाव्याला सांगावं लागत नाही.

जुने वस्तरे मी पुढ्यात घेऊन बसलो. नवा फळीवर ठेवला होता, पण तो आपल्या पोरासाठीचा, तो न्यायचं माझ्या मनातही आलं नाही. धार बघायची तर अंगठ्याचं पेर तिच्यावर आडवं, हलकेच टेकवायचं. धार असली तर ती कातडीला किंचित धरते. मी टेकवून बघत होतो आणि मला काही कळत नव्हतं. बोथट पात्याचंही नाही आणि धारेच्या पात्याचंही नाही. अंगठा माझाच होता, पण त्याच्याकडून खबर येत नव्हती. तेव्हा मात्र मी घाबरलो. पोर गेल्यापासून मला काहीतरी वाटलं ते हेच पहिलं, भीती.

बायको भाकरी थापता थापता बघत असणार. ती हात धुऊन उठली, फळीवरचा नवा वस्तरा काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

“ह्यो न्या,” ती म्हणाली.

“त्यो?”

“त्योच.” तिनं अंबाड्यातला एक केस उपटला, दोन बोटांत धरून वस्तऱ्याच्या पात्याला टेकवला. केस तुटून पडला. “तुमाला कळत न्हाय तर मला इचारा की. धार हाय त्येला.”

सकाळी विणकराच्या घरी माग बंद होते. मधल्या सोप्यात पाट मांडला होता. मामाच्या मांडीवर पोर, आत्या पदर पसरून शेजारी बसलेली, केस खाली जमिनीवर पडू नयेत म्हणून. घरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी बघितलं की दुसरीकडे बघत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. मी कोमट पाण्यानं पोराचं डोकं भिजवलं, चोळलं, पुन्हा भिजवलं. जावळ भरपूर होतं, मानेवर कुरळं. डावा पंजा डोक्यावर ठेवला तर बोटांखाली टाळू उडत होती, टप टप टप. ते मला लागलं. अंगठ्याला काल काही लागलं नव्हतं, पण हे लागलं.

मी कपाळाकडून सुरुवात केली. वस्तरा नवा, आणि खळग्यानं त्याच्या पात्याला आलेल्या किंचित बाकामुळे नुसती मधली धार केसांना लागत होती, टोकं कातडीत रुतत नव्हती, याचं मलाच नवल वाटलं. केस ओले होऊन आत्याच्या पदरात पडत होते. टाळूवर आलो तेव्हा मामानं श्वास धरला. मी नाही धरला, न्हाव्यानं श्वास धरला की हात अडतो. टाळू झाली, कानामागचं झालं, मानेवरचं झालं. ओरखडा एकही नाही. एवढ्यात पोर मामाच्या दंडावर डोकं टाकून झोपून गेलं होतं आणि आजी तोंडाला पदर लावून हसत होती. नारळ, तांदूळ आणि एक नवं धोतर देऊन त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं.

घरी आलो. बायकोनं तांदूळ सुपात घेतले, नारळ देवापुढे ठेवला. मग वस्तरा माझ्या हातातून घेऊन धुतला, कोरडा केला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

“रडलं का त्ये?”

“न्हाय. झोपलं.”

ती तांदूळ निवडायला बसली. चार खडे बाजूला काढले.

“आपलं बी झोपलं असतं,” ती म्हणाली.

पोर गेल्याला दीड महिना होऊन गेला होता. त्याच्याविषयी आमच्या घरात कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी “व्हय” म्हणालो, तिच्यासमोर खाली बसलो, आणि मला रडू आलं.